काविळीचं पथ्य मांजराला नको

पत्र : आम्ही बेळगावात वडगावला राहतो, घरी माग आहेत. आमची चिंगी सात वर्षांची, ऑपरेशन झालेली, अंगाने चांगली भरलेली. महिन्यापूर्वी तिला ताप आला, उलट्या झाल्या. जवळच्या दवाखान्यात तीन दिवस इंजेक्शनं दिली आणि ती खडखडीत बरी झाली. बारा-तेरा दिवसांनी पुन्हा तेच. आज चार दिवस ती काही खात नाही आणि कानाच्या आतली कातडी हळदीसारखी पिवळी दिसते. रक्त माणसांच्या लॅबमध्ये तपासलं : बिलिरुबिन ४.८, एसजीपीटी ४१०, अल्कलाइन फॉस्फटेज १२६, पांढऱ्या पेशी २७,०००. नवीन डॉक्टर रायचूरकडचे आहेत, कन्नडच बोलतात, अर्धंच कळलं. ते सोनोग्राफी करून सुईने पित्त काढू म्हणतात आणि मानेतून नळी घालून खाऊ घाला म्हणतात. आमचे हे म्हणतात, मांजराला कुणी नळी घालतंय काय! सासूबाई म्हणतात, खानापूरकडून काविळीचं झाडपाल्याचं औषध आणू, तोवर दूध-भातावर ठेवू. धाकटी जाऊ पाच महिन्यांची गरोदर आहे. दिरांना गेल्या पावसाळ्यात कावीळ झाली होती. ही त्यांच्याकडून हिला लागली का, आणि हिच्याकडून जावेला लागेल का? खर्चाचंही ओझं आहे. काय करावं?
— एक वाचक, वडगाव

ताई, पत्राखाली तुम्ही फोन नंबर लिहिला होता हे फार बरं झालं. छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे दुखणं नाही, म्हणून पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तुमच्याशी बोलले आणि चिंगीला तुम्ही रात्रीच दवाखान्यात नेलंत. आता इथे सविस्तर लिहिते, कारण त्या दिवशी फोनवर घाईत बऱ्याच गोष्टी राहिल्या. शिवाय मांजर पिवळं पडलं की आपल्याकडे बहुतेक घरांत तुमच्या घरच्यासारखंच बोलणं होतं.

आधी सासूबाईंचं म्हणणं घेते. त्यांनी ते काळजीपोटीच सुचवलं आहे. माणसाला कावीळ झाली की आपण पहिलं काय करतो? तेल-तूप बंद, तिखट बंद, ताक-भात, उसाचा रस, आणि भूक नसेल तर नका खाऊ म्हणतो. माणसाचं शरीर चार-आठ दिवसांची उपासमार सोसतं. मांजराचं सोसत नाही. ते मुळात मांसाहारी जनावर. पोटात अन्न पडलं नाही की अंगावरची चरबी वितळून लिव्हरकडे धावते आणि लिव्हरला ती पुढे काढता येत नाही. पेशीपेशीत तेलाचे थेंब साठतात आणि लिव्हर फुगून निकामी व्हायला लागतं. दोन-तीन दिवसांच्या उपवासानेही हे सुरू होऊ शकतं आणि चिंगीसारख्या भरल्या अंगाच्या मांजरात लवकर होतं. म्हणजे आधी जंतूंमुळे कावीळ झाली, त्यामुळे खाणं सुटलं, आणि खाणं सुटल्यामुळे दुसरी कावीळ पहिलीवर चढली. खूप मांजरं या दुसरीनेच जातात. म्हणून तुम्ही विचारलेल्या सगळ्या प्रश्नांत मी नळीचा प्रश्न सगळ्यात वर ठेवते, पित्ताच्या तपासणीच्याही वर.

झाडपाल्याबद्दल एवढंच : भुईआवळी असो की एरंडाच्या पानांचा रस, तो माणसाच्या अंगाच्या हिशेबाने दिला जातो. मांजराचं लिव्हर कितीतरी द्रव्यं माणसासारखी मोडून बाहेर टाकू शकत नाही. ती ताकद त्याला जन्मतःच कमी असते. याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, तेव्हा ताप दिसला म्हणून ती कधीच देऊ नका. माणसांची लिव्हर टॉनिकंही नकोत. कडू औषध घशात ओतलं की मांजर फेस काढतं आणि नंतर वाटीकडे बघतही नाही. तुम्हाला तर तिने वाटीकडे बघायला हवंय.

आता तुमचा रिपोर्ट. यात एक चकवा आहे आणि तो तुमच्या एकटीच्या रिपोर्टात नाही. बेळगावात काय, खानापूर-निपाणीत काय, जनावरांचं रक्त बहुतेक वेळा माणसांच्याच लॅबमध्ये जातं. आकडा बरोबर येतो, पण शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ची रेघ माणसांची असते. तुमच्या कागदावर अल्कलाइन फॉस्फटेज १२६ पुढे काहीच खूण नाही, कारण माणसात ते चालतं. मांजरात ते वाढलेलं आहे. कुत्र्याच्या रक्तात हे द्रव्य तीन-तीन दिवस रेंगाळतं, मांजराच्या रक्तातून ते सहा तासांत निम्मं होतं. म्हणून मांजरात थोडं जरी वाढलेलं दिसलं तरी पित्ताच्या वाटेत काहीतरी चालू आहे असं मी धरते. बिलिरुबिनचंही तसंच. माणसात १ पर्यंत कुणी विचारत नाही, मांजरात अर्ध्याच्या वर गेलं की विचारायला हवं. साधारण २ ते ३ च्या पुढे गेल्यावरच पिवळेपणा डोळ्यांना दिसतो; तो आधी हिरड्यांवर, टाळूवर आणि कानाच्या आत बघायचा. तुम्ही कान बघितलात, हे मला फार आवडलं.

पांढऱ्या पेशी २७,००० आहेत. निरोगी मांजरात त्या माणसापेक्षा जास्त असू शकतात, अठरा-एकोणीस हजारांपर्यंत. पण सत्तावीस म्हणजे अंगात जंतूंशी झुंज चालू आहे असा संशय घ्यावा लागतो. एसजीपीटी ४१० म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा होते आहे. ताप, उलट्या, काही दिवसांत चढलेलं दुखणं आणि वाढलेल्या पेशी, हे सगळं एकत्र धरलं तर पित्तनलिका आणि पित्ताशयाला जंतुसंसर्ग झाला असावा हा तुमच्या डॉक्टरांचा अंदाज मलाही पटतो.

पण अंदाजच. कावीळ हे रोगाचं नाव नव्हे. बहुधा पिसवांमधून पसरत असावा असा एक जंतू रक्ताच्या लाल पेशी फोडतो आणि मांजर पिवळं होतं. कांदा खाल्ल्यानेही लाल पेशी फुटतात. म्हणून हिमोग्लोबिन बघितलं का हे विचारा. कोवळ्या मांजरांत एका विषाणूमुळे पोटात पाणी भरून कावीळ होते, म्हाताऱ्या मांजरांत कॅन्सर असू शकतो. पित्तनलिकेच्या सुजेचाच एक दुसरा प्रकार आहे, त्यात जंतू नसतात. शरीराच्या स्वतःच्या पेशी नलिकेभोवती गोळा होतात आणि दुखणं महिनोन्महिने रेंगाळतं. त्याला स्टेरॉइड लागतं. जंतूंच्या प्रकारात तेच स्टेरॉइड दिलं तर मांजर दोन दिवस टवटवीत दिसतं, खातं, आणि आत जंतू मोकाट वाढतात. पहिल्या वेळच्या तीन दिवसांच्या इंजेक्शनांत काय होतं याची चिठ्ठी असेल तर ती नवीन डॉक्टरांना नक्की दाखवा. चूक कुणाची हे ठरवायला नाही, पुढचं औषध ठरवायला.

इथे मला माझं एक सांगायचं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे गाई-म्हशीच जास्त येत. मांजर कुणी आणलं तर ते पिशवीतून, लपवत. असाच एक पांढरा बोका आला होता, ताप आणि उलट्या. मी तीन दिवस प्रतिजैविक दिलं, तो बरा झाला, मी खूश. पंधरा दिवसांनी मालकीणबाई त्याला पुन्हा घेऊन आल्या तेव्हा तो लिंबासारखा पिवळा होता आणि मला वेळ मिळाला नाही. तीन दिवसांत ताप उतरतो, पित्तातले जंतू मरत नाहीत, हे मी त्याच्याकडून शिकले. चिंगीच्या बाबतीत तुम्ही लिहिलेले ‘बारा-तेरा दिवस’ वाचून मला तो बोकाच आठवला.

जंतू तिथे पोचतात कसे ते तुमच्या यजमानांना सांगा, म्हणजे सुईचं कारण त्यांना पटेल. मागाला एकाच वाटेने दोन धागे येतात तसं समजा. मांजरात पित्त आणणारी नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात उघडण्याआधी बहुधा एकत्र होतात आणि एकाच तोंडाने उघडतात. कुत्र्यात त्यांची तोंडं वेगळी असतात. मांजराच्या आतड्याला सूज आली, उलट्यांचा जोर झाला, की आतड्यातले जंतू त्या एका तोंडातून उलटे वर चढतात, आणि लिव्हर, स्वादुपिंड, आतडं या तिघांचं दुखणं एकमेकांत गुंतून येतं. वर चढणारे जंतू आतड्यात नेहमी राहणारेच असतात, ई. कोलाय किंवा एन्टेरोकॉकस सारखे. आता यातली मेख अशी की ई. कोलायला मारणारी काही औषधं एन्टेरोकॉकसला काहीच करत नाहीत. पहिल्या वेळी कुठला होता कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या वेळीही अंदाजानेच औषध द्यायचं का?

म्हणून पित्ताचा नमुना. सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुईने पित्ताशयातून पित्त ओढून घेतात. मांजराला थोडी गुंगी देतात. नमुना दोन ठिकाणी जातो : थोडं काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली, त्यात जंतू दिसले तर त्याच दिवशी कळतं, आणि उरलेलं कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखायला, त्याला तीन ते पाच दिवस लागतात, पण कुठलं औषध चालेल ते लिहून येतं. जंतू लिव्हरच्या तुकड्यापेक्षा पित्तात जास्त वेळा सापडतात. धोका आहे का? आहे, लहानसा. सुईच्या भोकातून पित्त पोटात गळलं तर ते गंभीर असतं, म्हणून पित्ताशयाची भिंत फार जाड किंवा फुगलेली दिसली तर चांगला डॉक्टर सुई घालतच नाही. त्याआधी ‘व्हिटॅमिन के’चं इंजेक्शन दिलं का हे आवर्जून विचारा. पित्त आतड्यात नीट उतरत नसेल तर हे जीवनसत्त्व अंगात शोषलं जात नाही, आणि मग रक्त गोठायला उशीर लागतो. सोनोग्राफीत आणखी एक उत्तर मिळतं : नळी खड्याने किंवा घट्ट गाळाने पुरती तुंबली आहे का. तुंबली असेल तर गोळ्यांचा उपयोग नाही, ऑपरेशनचाच विचार करावा लागतो.

माणसांच्या सोनोग्राफी सेंटरला मांजर घेऊन जाऊ नका, घेणार नाहीत आणि तुमचा वेळ जाईल. तुमच्या डॉक्टरांनी जिथे सांगितलं तिथेच जा. तिथे नाही जमलं तर कोल्हापूर किंवा हुबळी-धारवाड, दोन्ही गाडीने फार तर अडीच तासांवर. निघण्याआधी फोन करून ‘मांजराच्या पित्ताशयाचा नमुना घेता का’ असं नेमकं विचारा.

भाषेची अडचण तुम्ही लिहिलीत. डॉक्टर समजूतदार वाटतात, त्यांना दोन वाक्यं त्यांच्या भाषेत ऐकवा, बाकीचं ते सावकाश, तुम्हाला कळेल असं सांगतील. ‘नाल्कु दिन आयितु, बेक्कु एनू तिंदिल्ल’ म्हणजे चार दिवस झाले, मांजराने काही खाल्लं नाही. उलटीला वांती, काविळीला कामाले. सीमाभागात आपण राहतो, भाषेचं आपलं दुखणं आपल्याला ठाऊक आहे. पण दवाखान्याच्या टेबलावर मांजर असताना मी तरी जी भाषा चालेल ती बोलते.

आता नळी. यजमानांना ती क्रूर वाटते, हे मी समजू शकते. पण मांजराला धरून, तोंड उघडून, चमच्याने कोंबणं ही त्याहून मोठी शिक्षा आहे. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि मळमळत असताना जे कोंबलं त्या अन्नाचा मांजर कायमचा राग धरतं. मानेतल्या नळीने तसं होत नाही. थोड्या वेळाच्या भुलीत ती बसवतात, भोवती पट्टी असते, मांजर तिच्यासकट झोपतं, चालतं, वाटीतलं खातंही. त्याच नळीतून औषधं जातात, म्हणजे रोज गोळीसाठी झटापट नाही. भूल सोसवणार नाही इतकी ती अशक्त असेल तर काही दिवस नाकातून बारीक नळी घालतात.

किती घालायचं? चार किलोच्या मांजराला पडून असताना दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. उपाशी मांजराला पहिल्याच दिवशी सगळं भरायचं नाही. पाव ते एक तृतीयांशापासून सुरू करून तीन-चार दिवसांत पूर्ण करायचं, नाहीतर रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस एकदम खाली जातं. कोमट करून, हळूहळू, चार-सहा वेळा विभागून. आधी आणि नंतर नळीत थोडं पाणी. दूध-भात नको. त्यात तिला लागणारं प्रथिन नाही आणि दुधाने मोठ्या मांजराला जुलाब होतात. लिव्हरचं दुखणं म्हणून प्रथिन तोडायचं, हा माणसांकडून आलेला समज आहे. मांजर लाळ गाळत, भिंतीला डोकं टेकून, भ्रमिष्टासारखं वागत असेल तरच डॉक्टर प्रथिन कमी करतात. नळीसाठी दवाखान्यात मिळणारं पातळ खाद्य वापरा. पुढे ती तोंडाने खायला लागली की उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेला बांगडा द्या. मीठ, कांदा, लसूण काही नको. सुकी मासळीही नको, तिच्यात मीठ फार.

औषधं डॉक्टर ठरवतील, पण तुम्हाला नावं ओळखीची असावीत. बहुधा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असेल, जोडीला दुसरं एखादं. एन्रोफ्लॉक्सासिन असेल तर दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. जास्त झालं तर मांजराचे डोळे कायमचे जातात. म्हणून डोस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट, हे कधीच नाही. उलटी आणि मळमळ थांबवणारं औषध, सलाईन, बी-१२ची इंजेक्शनं हेही येईल. पित्त पातळ करणारी अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी माणसांच्या दुकानात मिळते, पण ती नळी तुंबलेली नाही हे दिसल्यावरच. प्रतिजैविक चार ते सहा आठवडे चालेल. चिंगी दहाव्या दिवशी मागाखाली उंदरामागे धावेल आणि घरात कुणीतरी म्हणेल, आता कशाला गोळ्या. तेव्हा हे पान पुढे करा. थांबवायचं ते दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त बघून, डॉक्टरांनी सांगितल्यावर.

एक लहान गोष्ट डॉक्टरांना विचारायची राहून जाते : ती पाली खाते का? उष्ण, दमट प्रदेशांत पालीतून मांजराच्या पित्तनलिकेत जाणारा एक चपटा कृमी असतो, आणि त्याच्यामुळेही अगदी अशीच सूज येते. त्याचं औषध पूर्ण वेगळं. विष्ठेची तपासणी मागून घ्या.

जावेला हिची कावीळ लागणार नाही, आणि दिरांची हिला लागली नाही. पावसाळ्यात दूषित पाण्याने माणसाला होणाऱ्या काविळीचे विषाणू वेगळे, ते मांजरातून येत नाहीत. चिंगीला घराबाहेर ठेवायची गरज नाही, आणि अशा अवस्थेत तिला थंडी-पावसात ठेवणं योग्यही नाही. मात्र गरोदरपणात मांजराच्या शीची माती जावेने साफ करू नये. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू त्यातून येऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला घातक असतो. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज करावं आणि नंतर हात धुवावेत.

राहिला खर्च. मागावर घर चालतं, हप्ते असतात, ते तुम्ही लिहिलं नसतंत तरी मी समजले असते. डॉक्टरांना रक्कम सरळ सांगा, आमच्याकडे एवढेच आहेत. चांगला डॉक्टर त्यात बसवून देतो. माझ्या मते लिव्हरचा तुकडा काढून तपासणं सध्या सोडून द्या, ते नंतरही करता येईल. पित्ताचं कल्चर जमलं तर नक्की करा. नाहीच जमलं तर अंदाजाने, पण दोन्ही प्रकारच्या जंतूंना धरून आणि पूर्ण मुदतीचं औषध मागा. महागड्या लिव्हरच्या पूरक गोळ्या परवडल्या तर घ्या, नाही घेतल्या तर अपराधी वाटून घेऊ नका. नळी आणि खाद्य यांतलं मात्र काही कमी करू नका.

इतकं करूनही चिंगी वाचेलच असं मी लिहू शकत नाही. वेळेत पोट भरायला लागलेली बरीच मांजरं वाचतात, आणि तुम्ही चौथ्या रात्री तिला नेलंत, आठव्या नाही. भेटायला जाल तेव्हा तिच्या अंथरुणातला, न धुतलेला गोधडीचा तुकडा बरोबर न्या. दवाखान्यातल्या पिंजऱ्यात घरचा वास आला की काही मांजरं त्या दिवशी पहिला घास घेतात.